टायरवरचा बाण

बाण दिसला की त्याचे ऐकावे, असा माणसाचा स्वभावच आहे. रुग्णालयाच्या बोळात, आगगाडीच्या स्टेशनात, मंगल कार्यालयाकडे वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी खडूने ओढलेला का असेना, बाण असला की आपण बिनतक्रार त्याच्या टोकाकडे चालू लागतो. तो कुणी काढला, कशासाठी काढला, हे विचारायला कुणी थांबत नाही. पाटीवरच्या मजकुराशी वाद घालणारी माणसे आमच्या पुण्यात पुष्कळ आहेत. पण बाणाशी वाद घातलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

असा एक बाण सायकलीच्या टायरवरही असतो. टायरच्या कुशीवर, रिमपासून बोटभर अंतरावर, रबरातच उठवलेला. शेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत 'चाक या दिशेने फिरावे' अशा अर्थाचा शब्द. आमच्या लहानपणीच्या काळ्या, दणकट, दांडीच्या सायकलींवर असला बाण पाहिल्याचे मला आठवत नाही. तेव्हा टायर हा टायर होता. त्याला पुढे-मागे नव्हते. हल्लीच्या गिअरच्या सायकलींवर मात्र तो सर्रास दिसतो, आणि तो दिसतो एवढ्यासाठीच आमच्या घरात गेल्या जूनमध्ये जे काही घडले ते घडले.

माझी नात कॉलेजात जाते, आणि सायकलने जाते. ही गोष्ट आता सांगण्यासारखी झाली आहे. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. सकाळी दहाच्या सुमाराला लकडी पुलावर उभे राहिले तर घंट्यांचा नुसता किणकिणाट ऐकू येई. सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि दिवा नसला किंवा डबलसीट बसले की पोलीस धरी. आता त्या गर्दीची जागा स्कूटरींनी घेतली आहे. म्हणून आमच्या सोसायटीत कुणाची मुलगी सायकल काढते, याची सर्वांना खबर असते, आणि तिच्या सायकलीविषयी प्रत्येकाला एक मत असते.

मृग लागायच्या चार दिवस आधी नातीने मागचा टायर बदलून आणला. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर पार्किंगमध्ये वाकून उभे असलेले मला दिसले. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता, आणि चेहरा डॉक्टरांनी क्ष-किरणांचा फोटो उजेडाकडे धरावा तसा झाला होता.

"टायर उलटा बसवलाय," ते म्हणाले. "बाण मागे आहे. कोरड्यात चालून जाईल. पण पावसात? ही नक्षी पाणी बाहेर फेकण्याऐवजी आत ओढणार. चाक रस्त्यावर टेकणारच नाही. पोहेल, पोहेल!"

'पोहेल' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला, आणि तो जिन्यावरून थेट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत गेला. संध्याकाळपर्यंत सुनेने निर्णय जाहीर केला की, सायकल आता दसऱ्यापर्यंत जिन्याखाली राहील. मुलाने दुजोरा दिला. नातीने आदळआपट केली नाही. ती नुसती गप्प झाली. आणि ती गप्प बसल्याची पद्धत मला कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. कुठे, ते पुढे सांगतो. आधी त्या बाणाचा निकाल लावू.

टायरच्या नक्षीला दिशा असते, ही गोष्ट खोटी नाही. शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरची मागची मोठी चाके आठवा. त्यांवरची जाड रबरी बोटे दोन्ही बाजूंनी येऊन मध्यभागी टोक करतात. चाक बरोबर बसवले असेल तर ते टोक आधी जमिनीला लागते आणि चिखल मधून बाजूला ढकलला जातो. उलटे बसवले तर तोच चिखल मध्यभागी गोळा होऊन चाकाला थापला जातो. डोंगरवाटांवर चालवायच्या सायकलींचेही तसेच. तिथे तर आणखी एक गंमत आहे. मागच्या चाकाचे मुख्य काम ढकलण्याचे, तर पुढच्याचे ब्रेक लागल्यावर धरून ठेवण्याचे. दोन कामांची जोर लावण्याची दिशा एकमेकींच्या विरुद्ध. त्यामुळे काही टायरांवर दोन बाण असतात: पुढे बसवाल तर असा, मागे बसवाल तर तसा. म्हणजे एकच टायर एका चाकावर सुलटा असतो आणि दुसऱ्यावर उलटा!

चाकांच्या खुणांवरून दिशा ओळखण्याचा मोह तर भल्याभल्यांना झालेला आहे. शेरलॉक होम्सच्या १९०४ साली आलेल्या 'प्रायरी स्कूल'च्या गोष्टीत होम्स ओल्या मातीतला सायकलीचा माग पाहून ती कोणत्या बाजूला गेली ते सांगतो. मागच्या चाकाची खूण खोल असते आणि ती पुढच्या चाकाच्या खुणेला छेदून जाते, हा त्याचा आधार. वाचकांनी लेखकाला पत्रांवर पत्रे पाठवली की, अहो, सायकल इकडून गेली काय आणि तिकडून गेली काय, मागचे चाक पुढच्याच्या खुणेवरूनच जाणार. यात दिशा कुठली? कॉनन डॉयल यांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले की, आपण सायकल काढून स्वतः करून पाहिले आणि वाचकांचेच खरे निघाले. त्यांनी लगेच दुसरी एक पळवाट शोधली, की चढावर चाकाची खूण खोल उमटते आणि उतारावर उथळ. पण ते असो. सायकल काढून पाहिली, हे महत्त्वाचे.

आमच्या घरी सायकल काढून पाहायला परवानगी नव्हती. म्हणून नातीने कागद काढला. आमचे इंजिनिअर मनाने सरळ गृहस्थ. हिशेब समोर मांडला की तो ऐकून घेतात. तेव्हा रविवारी सकाळी ते चहाला आले आणि जेवणाच्या टेबलावर टायरचा खटला उभा राहिला.

चाक पाण्यावर पोहते ही कल्पना हवेतून आलेली नाही. ती विमानतळावरून आलेली आहे. ओल्या धावपट्टीवर उतरताना विमानाची चाके पाण्याच्या पातळ थरावर तरंगतात आणि ब्रेक निकामी होतात, असा अनुभव येऊ लागला, तेव्हा अमेरिकेच्या नासा या संस्थेतल्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला आणि १९६३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातून जे सूत्र निघाले ते शाळकरी मुलालाही करता येईल इतके सोपे आहे. टायरमध्ये जितके पौंड हवा असेल त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ९ ने गुणावे. जे उत्तर येईल तितके सागरी मैल ताशी वेग झाला म्हणजे चाक तरंगू शकते. ३६ पौंड हवेचे वर्गमूळ ६; सहा नव्वे ५४; म्हणजे ताशी १०० किलोमीटर. मोटारींच्या टायरात साधारण एवढ्याच्या आसपास हवा असते. म्हणून भर पावसात भरधाव जाणारी मोटार तरंगते, आणि म्हणून तिच्या टायरांच्या खाचा, त्यांची खोली आणि त्यांची दिशा यांना खरोखरच महत्त्व आहे.

आता सायकल घ्या. नातीच्या टायरात ६४ पौंड हवा. वर्गमूळ ८, आठ नव्वे ७२, म्हणजे ताशी १३३ किलोमीटर. "आणि मी," नात म्हणाली, "कर्वे रस्त्याला फार तर पंधराने जाते. पुढे बस असेल तर सहाने."

इंजिनिअर हसले. पण ते हार मानणारे नव्हते. "सूत्र विमानाच्या चाकाचं आहे," ते म्हणाले, "सायकलचं चाक वेगळं." 

वेगळे आहे खरेच; पण ते सायकलच्याच बाजूने वेगळे आहे. मोटारीचे टायर रुंद आणि सपाट. त्याच्या खालचे पाणी बाजूला जायला वाट लागते आणि वेळही लागतो. सायकलचे टायर अरुंद आणि गोल, होडीच्या तळासारखे. स्वार, सायकल आणि दप्तर मिळून ७० किलो धरा. त्यातले ४० किलो मागच्या चाकावर. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेचार किलोच्या आसपास. भागाकार केला की रस्त्याला टेकणारी जागा येते अवघी नऊ चौरस सेंटिमीटर. तीन सेंटिमीटर लांब, तीन सेंटिमीटर रुंद. फराळाच्या ताटातल्या लहानशा वडीएवढी! एवढ्याशा जागेखालचे पाणी बाजूला व्हायला खाच लागत नाही आणि बाण तर नाहीच नाही.

शेल्डन ब्राउन हे अमेरिकेतले एक मान्यवर सायकलतज्ज्ञ होते. २००८ साली ते वारले. साध्या डांबरी रस्त्यावरच्या सायकलच्या टायरला नक्षीचा काही उपयोग नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे. जोब्स्ट ब्रँट या इंजिनिअरचेही हेच सांगणे होते. रबर रस्त्याला धरते ते रस्त्याच्या खरखरीतपणात दबून. डांबरातली खडी हीच खरी नक्षी. ती रस्त्याने पुरवलेली असते. गुळगुळीत टायरचे जास्त रबर तिला लागते, म्हणजे तो उलट बरा. पण गुळगुळीत टायर दुकानात ठेवला की गिऱ्हाईक बिचकते. त्याला वाटते, हा घसरणार. मग रस्त्यावरच्या टायरलाही थोडी वेलबुट्टी काढावी लागते. आणि वेलबुट्टी एका बाजूला झुकलेली असली की बाणही आलाच.

इंजिनिअरांनी कागद दोनदा तपासला, गुणाकार स्वतः करून पाहिला आणि "मान्य," असे म्हणून दुसरा चहा घेतला. माझ्या मनात त्यांच्याविषयीचा आदर त्या दिवशी वाढला. सून मात्र म्हणाली, "मान्य काय? पडायचं ते माणूस पडतंच ना पावसात?"

आणि हा प्रश्न इंजिनिअरांच्या हिशेबापेक्षा अवघड होता. कारण आमच्या घरात एक माणूस पावसात पडलेले होते.

ही गोष्ट १९६० सालची. पानशेतच्या पुराच्या आदल्या वर्षाची. माझी ताई त्या वर्षी एस. एस. सी. झाली होती आणि तिने नदीपलीकडच्या एका कॉलेजात शास्त्र शाखेला नाव घातले होते. तिला रसायनशास्त्र शिकायचे होते. घरातल्या मोरीत लिंबू, सोडा आणि हळद घेऊन तिचे सतत काही ना काही चाललेले असे. मामाने आपल्या ओळखीतून तिला एक जुनी लेडीज सायकल आणून दिली होती. सायकल चांगली होती. फक्त मागच्या टायरचा मधला भाग झिजून अगदी गोटा झाला होता. टायर महाग, तो दिवाळीला बदलू असे ठरले होते.

कॉलेज सुरू होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. मृगाची पहिली सर येऊन गेली होती आणि ताई प्रॅक्टिकल आटोपून संध्याकाळी घरी येत होती. पेठेत शिरताना वळणावर ती पडली. मनगटाचे हाड मोडले. तिला टांग्यातून घरी आणले तेव्हा मी दारातच होतो. मी तेव्हा तेरा वर्षांचा. ती रडत नव्हती. हात पोटाशी धरून ती एवढेच म्हणाली, "गटाराच्या झाकणावरून घसरले. वळताना झाकण आलं."

आप्पा घरी आले. त्यांनी आधी डॉक्टर आणला, हात प्लास्टरमध्ये घातला, रात्री तिच्या उशाशी बसून राहिले. आप्पा प्रेमळ होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात सायकल उलटी केली, मागच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि आईला हाक मारली. "बघ. हाताला नक्षी लागत नाही. माणूस पडणार नाही तर काय होईल?" शेजारच्या दोघांनी येऊन अंगठा फिरवला. प्रत्येकाचे मत तेच पडले. झाकणाचे कुणी नावही घेतले नाही. झाकण तिथे वळणावर होते, आणि टायर आमच्या अंगणात होता. अंगणात असलेल्या आरोपीवरच खटला चालतो.

पुढचे सारे ओघानेच आले. टायर नवा घालायला पैसे नव्हते, आणि जुन्यावर तिला बसवायला धीर नव्हता. सायकल महिन्याच्या आत विकली गेली. शास्त्राची प्रॅक्टिकले पाचपर्यंत चालत. पावसाळी दिवसांत तिन्हीसांजेला मुलीने एकटीने चालत यावे, हे आप्पांना पटेना. कला शाखेचे तास दुपारी बारापर्यंत संपत. ताईने नाव बदलले. ती मराठी घेऊन बी. ए. झाली, पुढे शाळेत शिकवू लागली, आणि तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आजही तिला रस्त्यात वाकून नमस्कार करतात. तिचे वाईट झाले असे कुणी म्हणणार नाही. तिनेही कधी म्हटले नाही. पण त्या जूनमध्ये ती जशी गप्प झाली होती, तशीच माझी नात आता गप्प झालेली मला दिसली.

टायर निर्दोष होता, हे आज कळते. म्हणजे झिजलेला टायर चांगला असतो असे नव्हे. झिजून आतले दोरे दिसू लागले की तो बदललाच पाहिजे. तो पंक्चर लवकर होतो आणि एखादे दिवशी फुटतो. पण ओल्या लोखंडावर नवा टायरही घसरतो. झाकणाला डांबराचा खरखरीतपणा नाही. रबराने धरायचे तरी कशाला? त्यातून वळताना सायकल कललेली असते. आणि पहिला पाऊस तर सर्वांत वाईट. आठ महिने रस्त्यावर साठलेली धूळ, गाड्यांतून ठिबकलेले तेल, झिजलेल्या रबराची पूड, या सगळ्याचा पहिल्या सरीत एक बारीक राप तयार होतो. दोन दिवस धो धो पाऊस पडून रस्ता धुतला गेला की तोच रस्ता पुष्कळ सुधारतो. ताईच्या दुर्दैवाने पहिली सर, वळण आणि झाकण हे तिन्ही योग एका क्षणी जुळून आले होते. हे तिला माहीत होते. तिने ते सांगितलेही होते. तिचे वाक्य कुणी ऐकले नाही, एवढेच.

ताई आता चौऱ्याऐंशीच्या घरात आहे. गुरुवारी ती आमच्याकडे येते. त्या गुरुवारी सुनेने तिच्यापुढे सगळा प्रकार घातला: बाण, हिशेब, पोहणे, दसरा. मला वाटले, ताई आता जुनी गोष्ट काढील. तिने ती काढली नाही. तिने नातीला जवळ बोलावले आणि विचारले, "तू जातेस कुठून? वळतेस कुठे कुठे?"

आठ दिवस घरात सायकलीची चर्चा चालली होती. पण सायकल चालवणारीला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

नात सांगू लागली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी डावीकडे, तिथे दोन झाकणे. शाळेपुढे पांढरे पट्टे. ओले झाले की बुळबुळीत. पुलाच्या उतारावर गुलमोहराच्या पाकळ्यांचा खच. उसाच्या रसाच्या दुकानापुढे कायमचे डबके, आणि त्या डबक्यात एक खड्डा. पण तो बाहेरून दिसत नाही. तिला सगळे पाठ होते. रोज जाणाऱ्या माणसाला ते पाठच असते. ताईने कागद मागवला आणि एकेक लिहून काढायला लावले.

"झाकण टाळता आलं नाही तर?" ताईने विचारले.

"तर सरळ जायचं, आत्याआजी. हँडल वळवायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही."

"मग तुला येतंय की," ताई म्हणाली. "हे मला पडल्यावर कळलं."

सून ऐकत उभी होती. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "ब्रेकचं तेवढं दाखवून आणा कुणीतरी."

ते काम माझ्याकडे आले. आमचा सायकलवाला कोपऱ्यावर छत्री बांधून बसतो. पंक्चर काढण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात दुसरा नाही. मी सायकल त्याच्यापुढे उभी केली आणि आधी बाणाकडे बोट दाखवले. तो म्हणाला, "म्हणाल तर आत्ता उलटा करून देतो काका. वीस मिनिटांचं काम. पण त्यानं काय होणार नाही. हे बघा." त्याने मागचे चाक उचलून फिरवले आणि ब्रेक दाबला. ब्रेकची रबरे काचेसारखी कडक आणि चकचकीत झाली होती. चाक दोन वेढे घेऊन मग सावकाश थांबले. "कोरड्यात ही हालत. पावसात रिम ओली झाली की आधी रबर ते पाणी पुसणार, मग धरणार. तोवर माणूस पुढच्याच्या अंगावर."

त्याने चारी रबरे बदलली. तारा आवळल्या. टायर बोटाने दाबून पाहिला आणि पावसाळ्यात हवा थोडी कमीच ठेवा, टम्म फुगवू नका, असे बजावले. रिम हातरुमालाने पुसून दिली, कारण तेलाचा एक थेंब रिमला लागला तर नवी रबरे असून नसून सारखीच. आणि नातीसाठी निरोप दिला: ओल्यात ब्रेक एकदम दाबू नकोस, आधी हलकेच लावून रिम पुसून घे, दोन्ही ब्रेक बरोबर वापर, आणि वळायच्या आत वेग कमी कर, वळताना नको. आमच्या वेळच्या दांडीब्रेकच्या सायकलींना हे सांगणे आणखीच लागू पडे. त्यांच्या चकचकीत लोखंडी रिमा पावसात इतक्या निसरड्या होत की, शहाणा माणूस चौक यायच्या पुष्कळ आधीपासून ब्रेक धरून येई.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी जिन्याखाली किंवा गॅलरीत एखादी सायकल असेल. पावसाळ्याआधी ती बाहेर काढाल तेव्हा बाण पाहायला हरकत नाही. कंपनीने काढला आहे, तर तिच्या म्हणण्याप्रमाणे टायर बसवावा; त्यात खर्च नाही आणि शेजाऱ्यांशी वादही होत नाही. पण बाण पाहून झाल्यावर तेवढ्यावर उठू नका. ब्रेकचे रबर नखाने दाबून पाहा. दिवा लागतो का पाहा. पावसात मागून येणाऱ्याला सायकल दिसत नाही, आणि टायर घसरण्यापेक्षा हा धोका मला मोठा वाटतो. आणि सायकल जो चालवतो त्याला, किंवा जी चालवते तिला, एकदा समोर बसवून वाट विचारा.

सुनेची काळजी अजून गेलेली नाही. ती जाऊही नये. जुलैत एकदा सायंकाळी असा पाऊस कोसळला की समोरची इमारत दिसेना, आणि नात यायला तीन पाव तास उशीर झाला. आम्ही कुणी एकमेकांशी बोललो नाही. सून गॅलरीत, मी दारात. ती आली ती सायकल हातात धरून चालत. रस्त्यावर गुडघाभर पाणी, खालचे काही दिसत नव्हते, म्हणून उतरून चालत आले, असे म्हणाली. फोन दप्तराच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. सुनेने तिला टॉवेल दिला, रागावली, आणि मग आले घालून चहा केला. सायकल दसऱ्यापर्यंत जिन्याखाली ठेवायची गोष्ट त्या दिवशीही निघाली नाही. कुठे उतरावे हे ज्याला कळते, त्याला चालवू द्यायला हरकत नाही, असे बहुधा तिच्या मनाने घेतले असावे.

इंजिनिअर अधूनमधून पार्किंगमध्ये वाकून पाहतात. टायर अजून उलटाच आहे. पुढच्या पंक्चरला सुलटा करू असे ठरले आहे, पण पंक्चर काही होत नाही. परवा ते मला म्हणाले, "गणित पटलंय हो, पण डोळ्याला खटकतं." ही तक्रार प्रामाणिक आहे. 

झाकणांचा तो कागद आमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. त्यावर दोन अक्षरे आहेत, एक नातीचे आणि एक ताईचे. गणपतीच्या आधी रस्ता खणला आणि दोन झाकणे सरकली, तेव्हा नातीने जुन्यांवर काट मारून नवी जागा लिहिली. गुरुवारी ताई आली की चपला काढायच्या आधी कागद वाचते. मागच्या खेपेला तिने चष्मा पुसून विचारले, "दवाखान्याजवळचं दुसरं कुठे गेलं?"

"त्याच्यावरून डांबर गेलं, आत्याआजी."

"बरं झालं," ताई म्हणाली, आणि पेन मागून तिने त्यावर स्वतः काट मारली.